हिरवी पट्टी

फ्लूची लस घेऊन दहा मिनिटं होत नाहीत तोच रखमाबाई डोईफोडेंचे ओठ सुजले, श्वास घरघरू लागला. दंडावर चिकटवलेली तपासणीची पट्टी मात्र हिरवीच होती, म्हणजे सगळं ठीक. लसीच्या त्रासाची नोंद आता माणसं करत नसत, पट्टीच परस्पर करायची.

"पट्टी ठीक म्हणतेय. नाटकं पुरे, आजी," लसीकरण केंद्राचे पर्यवेक्षक सरनोबत तुच्छतेने म्हणाले.

सिस्टर गावितांनी त्यांना बाजूला सारून रखमाबाईंच्या मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलं. हळूहळू श्वास मोकळा झाला. मग सिस्टरांनी कोऱ्या कागदावर सगळं लिहून काढलं.

"हा कागद कोण वाचणार?" सरनोबत हसले.

"ज्यांना सुजलेले ओठ दिसतात ते. सही करा, नाहीतर तुमचं 'नाटकं पुरे'सुद्धा लिहिते."

सरनोबतांनी मान खाली घालून सही केली.