तिसऱ्या रांगेतलं हसू

कपाटात राहणाऱ्या परीची ती विनोदी मालिका पहिल्या वर्षी इतकी गाजली, की चित्रीकरणाला स्टुडिओत पाय ठेवायला जागा नसे. ध्वनिसंकलकाची आत्या दर आठवड्याला तिसऱ्या रांगेत हजर. तिला विनोद उशिरा कळायचा. "काय म्हणाली हो?" असं शेजारणीला विचारून, सगळे गप्प झाल्यावर ती एकटीच खळखळून हसायची.

आठव्या वर्षी तिकडे काळं कुत्रंही फिरकेना. आत्याही तोवर वारली होती. पहिल्या वर्षीच्या टेपवरचं हसू ध्वनिसंकलक नव्या भागांना जोडायचा, पण आत्याचं हसू त्याने कधी कापलं नाही.

आज शेवटचा भाग. परीच्या शेवटच्या विनोदाला त्याने अजून हसू जोडलंच नव्हतं. परी बोलली आणि हेडफोनमध्ये आवाज आला, "काय म्हणाली रे, ठोंब्या?"

त्याला ठोंब्या म्हणणारी जगात एकच होती.

त्याने टेप थांबवली, हेडफोन काढून ठेवला आणि सावकाश तो विनोद समजावून सांगितला.

खोलीत शांतता होती. मग नेहमीसारखं, जरा उशिराच, त्याच्या पाठीमागे कुणीतरी खळखळून हसलं.