सुबीर लाहाची सही

दुपट्टा हातात घेण्याआधी जागेश्वरनं अंगणातल्या रांजणापाशी दोनदा हात धुतले आणि शर्टाला पुसून कोरडे केले.

सत्यभामाबाईंनी घडी उलगडली. पांढरा, कोरा, पुरुषमाणसानं खांद्यावर टाकायचा दुपट्टा. त्याच्या कोपऱ्यात निळ्या शाईनं इंग्रजीत लिहिलेलं होतं, ‘सुबीर लाहा’. वर एक नाव होतं, ‘इश्वर’.

जागेश्वरनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. तो चिखल्याच्या मँगनीज खाणीत कामाला होता आणि संध्याकाळी कॉलनीच्या क्लबाकडून फुटबॉल खेळायचा. कलकत्त्याच्या सुबीर लाहाला त्यानं फक्त पेपरातल्या फोटोत पाहिलं होतं. तो फोटो त्यानं भाताच्या खळीनं क्वार्टरच्या भिंतीवर चिकटवला होता. त्या सुबीरची सही आंधळगावात एका म्हाताऱ्या बाईकडे आहे, असं तुमसरच्या बाजारात कोणी म्हणालं तेव्हा त्याला ती थट्टाच वाटली होती. तरी सुटीच्या दिवशी तो सायकल मारत आला.

“कशी भेटली मावशी ही?”

“मॅच सुटली, तं मी फाटकापाशी उभी होती. सारे लोक गेले, तरी उभीच होती. हा गाडीत चढून राहिला होता. मले पाहून खाली उतरला. म्हने, माँ, किसके लिए? मी म्हटलं, इश्वर.”

“इश्वर म्हंजे?”

“माहा पोरगा. नागपूरकडे असते. लहानपनी चिंध्यायचा चेंडू करून धानाच्या बांधीत खेळे. या सुबीरचा भारी नाद त्याले. सुबीर नागपूरले आला, अन् इश्वर मॅचले नाही, असं होनारच नाही.”

“मले देता का हा, मावशी? क्लबात फ्रेम करून लावतो. तुमचं नाव लिहितो खाली.”

“नाही बाबू. इश्वरचा हाये तो. त्यालेच द्यायचा हाये.”

त्यांनी दुपट्ट्याची घडी घातली. जागेश्वरला वाईट वाटलं, पण रागावता येण्यासारखं काही नव्हतं.

सत्यभामाबाईंचे मालक केवळराम खाटेवर बसून सुंभ वळत होते.  ते म्हणाले, “मीही जात होतो तिच्यासंगं. आता पाय चालत नाही. धान निघाले का पुन्हा मॅच हाये म्हनते. तू नेशील का गा तिले?”

जागेश्वर आनंदानं उठूनच उभा राहिला. “असा नाद बाईमानसाले मी पाह्यला नाही, मावशी! क्रिकेट नाही का आवडत?”

“क्रिकेटात लोक बसूनच राहतात,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “फुटबॉलात गोल झाला का एक मानूस खाली बसत नाही.”

एवढं खरं बोलणं जागेश्वरनं क्लबातल्या कोचकडूनही ऐकलं नव्हतं.

मॅचच्या दिवशी दोघं भंडाऱ्याहून एसटीनं नागपूरला निघाले. बाईंनी नवं लुगडं नेसलं होतं. मांडीवर पिशवी होती, पिशवीत दुपट्टा आणि भाकरीचा डबा. डबा दोघांना जास्त होईल एवढा भरलेला होता. जागेश्वरला वाटलं, खाणीतल्या माणसाची भूक मावशीला ठाऊक आहे.

फाटक उघडायच्या आधीच त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. आत शिरल्यावर जागेश्वर वरच्या पायऱ्यांकडे धावला. तिथून अख्खं मैदान दिसलं असतं. पण बाईंनी त्याला बाही धरून अगदी खाली, तारेच्या कुंपणाजवळ आणलं.

“इथून काय दिसन, मावशी?”

“मले दिसते.”

मग सुबीर लाहा मैदानात आला, आणि जागेश्वर बाकी सगळं विसरला. फोटोतला माणूस पळत होता, घाम पुसत होता, हाताच्या अंतरावरून कोणावर तरी ओरडत होता. त्याच्या बुटांनी उडवलेली माती कुंपणातून जागेश्वरच्या पायावर पडली. त्यानं ती झटकली नाही.

खेळ संपत आला असताना सुबीरनं दोघांना चकवलं. चेंडू डाव्या पायावर घेतला आणि गोल केला. स्टेडियम उसळलं. टोप्या उडाल्या, अनोळखी माणसं गळ्यात पडली. जागेश्वरच्या डोळ्यांत पाणी आलं.

“मावशी, पाह्यला का?” म्हणून तो वळला.

सत्यभामाबाई बाकावर चढून उभ्या होत्या. मैदानाकडे त्यांची पाठ होती. कपाळावर हात आडवा धरून त्या वरच्या रांगांकडे पाहत होत्या. ऊन डोळ्यांवर येत असेल, असं जागेश्वरला वाटलं. लोक हळूहळू खाली बसले, तशा त्याही बसल्या.

“गोल चुकला ना तुमचा!” तो हळहळला.

“होईन अजून एखादा,” त्या म्हणाल्या.

पण झाला नाही. शिटी वाजली. बाई लगबगीनं फाटकाशी गेल्या आणि लोंढ्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. धक्के बसत होते, पदर ओढला जात होता, तरी त्या हलल्या नाहीत. शेवटी खेळाडूंची गाडी निघाली. खिडकीतून सुबीर लाहानं त्यांना ओळखलं आणि हात हलवला. जागेश्वर वेड्यासारखा दोन्ही हात हलवत गाडीमागे धावला. परत आला, तेव्हा त्या अजून फाटकाकडेच तोंड करून उभ्या होत्या. आतून झाडूवाले बाहेर पडत होते.

“मावशी, दिवस बुडाला. भंडाऱ्याची गाडी काही आता भेटत नाही. चला, इश्वरकडे जाऊ. दुपट्टाही देऊन टाका. कोठी राहते तो?”

सत्यभामाबाईंनी पिशवीचं तोंड आवळलं.

“ते मालूम असतं बाबू, तं मी मॅचले कायले आली असती?”