कुणी रडायचं नाही

फिल्म संपली तसं खरातबाईंनी नववीच्या वर्गाला विचारलं, "काय पाहिलंत?"

"एक आजी विहिरीवर आली, घागर भरली आणि गेली," शर्वरी नाक पुसत म्हणाली.

"मग यात अन्याय कुठाय, बाई?" मल्हारनं जांभई दिली.

बाईंनी कपाळाला हात लावला. ती आजी म्हणजे त्यांची पणजी. रहाटाला शिवायची तिला बंदी. कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून दिवसभर बसली आणि रिकामी घागर घेऊन परतली. पण शाळेतला नवा पडदा भारी मायाळू. बघणाऱ्या एकाचेही डोळे भरले, की लगेच गोष्ट गोड करून टाकायचा.

"पुन्हा लावते. पण कुणी रडायचं नाही हं, नाहीतर खरं दिसायचं नाही."

पोरांनी ओठ दाबले. पडद्यावर ऊन चढलं, उतरलं. बायका पाणी नेत होत्या, पणजी लांब दगडावर बसूनच होती. शर्वरीनं स्वतःला चिमटा काढला. मल्हारची जांभई कुठल्या कुठे गेली. अखेर पणजी रिकामी घागर उचलून उठली.

तेवढ्यात रहाट करकरला आणि घागर काठोकाठ भरली.

"कोण रडलं रे?" मल्हार चिडून ओरडला.

सगळ्या वर्गानं मागं वळून पाहिलं. बाई ओढणीनं डोळे पुसत होत्या.