एक जूनवाले

मुलुंडच्या ज्येष्ठ नागरिक संघात दर एक जूनला सातजणांचा वाढदिवस असतो. शाळेत घालताना गुरुजींनी जन्मतारीख विचारली, बहुतेकांच्या आईबापांना ती सांगता आली नाही, आणि गुरुजींनी सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घालून टाकलं. केक एकच येतो. त्यावर सात नावं मावत नाहीत म्हणून नुसतं ‘एक जून’ लिहून आणतात.

सेक्रेटरी श्यामसुंदर मोबाइलमध्ये बघून फळ्यावर दिनविशेष लिहीत होते. या माणसाला रोज काहीतरी साजरं करायला लागतंच. ‘जागतिक दूध दिन. १९४८ : पहिली एसटी पुण्याहून नगरला धावली. आपल्या सात सभासदांचे वाढदिवस.’

“सहा लिहा,” वनमालाबाई म्हणाल्या. “माझा वेगळा लिहा. मी खरंच आजची आहे.”

सगळे हसले. दरवर्षी हसत. बाईंना ते दरवर्षी लागे, आणि दरवर्षी त्या गप्प बसत.

“ताई, एक जूनवाले सगळे असंच म्हणतात,” श्यामसुंदर म्हणाले. “पुरावा काय?”

“तुम्हीच लिहिलाय की.” बाईंनी फळ्याकडे बोट दाखवलं. “आमचं गाव नगर रस्त्यावर. पहिली यष्टी येणार म्हणून अख्खं गाव सकाळपासून रस्त्याला. बायका आरत्या घेऊन. सुईणसुद्धा तिकडेच. आई घरात एकटी. ती म्हणायची, तिकडं यष्टीला ओवाळत होते आणि इकडं तुझी नाळ कापायला कोणी नव्हतं. घरात माझं नावच यष्टी पडलं. ए यष्टे, जेवायला ये. आता तसं म्हणणारं कोणी उरलं नाही.”

या वेळी कोणी हसलं नाही.

कुंडलिकराव सुरी घेऊन केकपाशी उभे होते. तेही एक जूनचेच. “माझी आई सांगायची, ज्वारी काढणीला झालास,” ते म्हणाले. “कुठल्या सालची ज्वारी, ते तिलाच आठवायचं नाही.” त्यांनी सुरी वनमालाबाईंपुढे धरली. “घ्या. आधी यष्टी जाऊ दे. आम्ही आहोत उभे थांब्यावर.”

श्यामसुंदर ओशाळले. त्यांनी फळ्यावरचा दूध दिन पुसला, सातचे सहा केले आणि मोकळ्या जागेत टपोऱ्या अक्षरांत लिहिलं : ‘वनमालाबाईंचा वाढदिवस (खरा)’.

बाईंनी चष्मा सारखा करून ते वाचलं. सुरी केकवर टेकवली होती, ती तशीच धरून ठेवली.

“खरा राहू दे,” त्या म्हणाल्या. “कंस पुसा.”