नीलमचा उजवा गुडघा

कंग्राळीची नीलम डेन्मार्कच्या एका क्लबकडून फुटबॉल खेळायची. तिने गोल मारला की गावातली पोरं तिचा फोटो स्टेटसला ठेवायची, आणि तिची आई मनुबाई शेजारणींना सांगायची, "तिकडं हापिसात हाय." हाफ चड्डीवर पळणं हीसुद्धा नोकरी असते, हे कुणाला पटवणार?

यंदा उजवा गुडघा दुसऱ्यांदा गेला. क्लबने करार संपवला, डॉक्टरांनी खेळ. सव्विसाव्या वर्षी नीलम कुबड्यांवर घरी आली.

दुसऱ्याच दिवशी मनुबाईने रिक्षा बोलावली. खण, ओटी, पाच नारळ घेतले आणि लेकीला देवीच्या देवळात नेलं. जन्मात एक मॅच न बघितलेली आई आपल्या खेळासाठी देवीपुढं पदर पसरतेय, हे बघून नीलमने कुबडी भिंतीला टेकवली आणि आईचा हात धरला.

"आई, उगंच नवस बोलू नको गं. ह्यो गुडघा आता खेळायजोगा व्हायचा न्हाय."

मनुबाईने नारळ पुजाऱ्याच्या हातात दिला.



"बोलाय न्हाय गं, फेडायला आणलंय तुला. तू इमानात बसलीस त्याच दिशी बोललावता, पोरीचा खेळ सुटू दे, घरला येऊ दे."