दुभाषी लेक

"म्हणतोय, ही आई स्वतःच्याच दुःखावर फार खूश आहे," लेकीनं सांगितलं आणि पाण्याचा घोट घेतला.

लेखिकाबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बोलणारा होता समोर बसलेला निवृत्त टपालवाला. परक्या देशातल्या या कथालेखन कार्यशाळेत तो हौसेखातर आलेला, आणि बाई खास निमंत्रणावरून. मुलगी परदेशी निघून जाते आणि आई तिची वाट बघत म्हातारी होते, ही बाईंची कथा घरी चांगलीच गाजली होती. बायका वाचून ढसाढसा रडायच्या. आयोजकांनी तिचं भाषांतर करून घेतलं होतं आणि सगळे ते वाचून आले होते.

इथली भाषा मात्र बाईंना ओ की ठो कळत नव्हती. लेक याच शहरात नोकरीला. "एवढं तरी कर आईसाठी," असं फोनवर सुनावून बाईंनी तिला दुभाषी म्हणून शेजारी बसवलं होतं.

कार्यशाळेचा नियम कडक होता. चर्चा चालू असताना लेखकानं तोंड उघडायचं नाही, सगळ्यांचं झालं की मग त्याची पाळी. जन्मभर व्यासपीठं गाजवलेल्या बाईंना मिठाची गुळणी धरून बसणं म्हणजे शिक्षाच होती.

टपालवाल्यानंतर एक नर्स बोलू लागली. बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. तरी ती बराच वेळ बोलत राहिली.

"म्हणते, मुलगी गेली नाही. या आईनं तिला घालवली."

"एवढंच? इतका वेळ बोलत होती की ती," बाई कुजबुजल्या.

"बाकी तेच तेच होतं."

बाईंना नर्सची भयंकर चीड आली. डोळ्यांत पाणी आणून वर हे बोलायचं! टपालवालासुद्धा मघाशी छातीवर हात ठेवूनच बोलला होता. इथली माणसं गोड चेहऱ्यानं गळा कापतात, हे बाईंनी मनाशी पक्कं केलं. लेकीकडे बघावं, तर ती पेनाचं टोपण काढत होती आणि लावत होती. आईचा असा पाणउतारा चाललाय आणि हिला त्याचं काहीच नाही.

"तू तरी माझी बाजू घेशील की नाही?"

"मी फक्त भाषांतर करतेय."

शेवटी कार्यशाळा घेणारे, टक्कल पडलेले मास्तर उठले. त्यांनी कथेच्या कागदांवर हात ठेवला, बाईंकडे बघून जेमतेम दोन-तीन शब्द बोलले आणि मान लववली.

लेकीनं पेन टेबलावर ठेवलं. मग एका दमात बोलली, "विचारताहेत, मुलगी काविळीनं अंथरुणाला खिळली होती, तिला उठून बसवत नव्हतं, तेव्हा ही आई व्याख्यानांच्या दौऱ्यावर का गेली? मुलगी भिंत धरत दारापर्यंत आली, नको जाऊस म्हणाली. 'नाटकं पुरे' म्हणून ही गाडीत कशी बसली?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नियम गेला खड्ड्यात.

"दौरा आधीच ठरला होता! तुझ्या आत्याला आणून ठेवलं होतं की घरात! आणि डॉक्टर स्वतः म्हणाले होते की..."

बाई थांबल्या.

त्यांच्या कथेत कावीळ नव्हती. दौराही नव्हता. कथेतली आई कुठेच जात नव्हती, ती नुसती वाट बघायची.

टेबलाभोवतीची माणसं गोंधळून दोघींकडे बघत होती. नर्स अजून डोळे पुसत होती. त्यांच्यातल्या कुणाच्याही चेहऱ्यावर राग नव्हता. सकाळपासूनचा एकेक टोमणा पोटच्या पोरीचा होता. बाईंना लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

मास्तरांनी बाईंना हातानं खूण केली.

"सगळ्यांचं झालं. आता तू बोलायचंस," लेक म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. "काय सांगू त्यांना?"

बाईंनी मनातल्या मनात सडेतोड उत्तर जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आता उपयोगाचं नव्हतं. त्यांनी खुर्ची लेकीकडे वळवली.

"त्यांना काही सांगू नकोस. मला सांग. तुझी कावीळ उतरली कधी गं?"