नांतगोरची मोजणी

"एकोणसाठ." मेरेरिद प्यूने फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. "खाटीक कुठे उलथला?"

"इथे आहे की, बाई!" मागून हेफिन ओरडला. "दुकानाला कुलूप लावून आलोय. तुमच्यापायी आज अख्ख्या गावाला मटण नाही."

"एक दिवस कोबी खाल्ला तर कोणी मरत नाही. साठ. आणि मी एकसष्ट."

रेल्वे कंपनीचं पत्र महिन्यापूर्वी आलं होतं. अमुक मंगळवारी, सकाळी आठ चौदाच्या गाडीत नांतगोरला किती माणसं चढतात ते मोजणार. तिसाच्या आत भरली, तर स्टेशन बंद.

तिकीटखिडकी आधीच बंद केली होती. मग बाक काढून नेले. मग छप्पर उडालं, ते कोणी परत बसवलं नाही. एवढं करून वर विचारायचं, की माणसं का येत नाहीत.

मेरेरिदचा धाकटा भाऊ एम्रिस आठवड्यातून तीनदा याच गाडीने शहरातल्या इस्पितळात जायचा. तिथलं मशीन त्याचं रक्त धुऊन द्यायचं. डोंगरातल्या या वळणावर बस येत नव्हती. गाडी गेली की एम्रिस गेला, इतकं ते सरळ होतं.

म्हणून चौऱ्याहत्तराव्या वर्षी मेरेरिदने तीन आठवडे दारोदार जाऊन माणसं गोळा केली. गाणाऱ्या मंडळींना दटावलं, मास्तरणीला रडवलं. वरच्या ब्रिनडू गावच्या तेग्वेनलाही फोन करून झापलं, "तुमचीही मोजणी त्याच दिवशी आहे, झोपा काढू नका."

मोजणीसाठी कंपनीच्या कार्डिफमधल्या कचेरीतून एक मुलगी आली होती. हातात टिकटिक करणारं छोटं यंत्र.

"पायरीवर पाय पडला तरच मोजायचं, आजी. तसा नियम आहे."

"पडेल गं बाळा, पाय पडेल. तू आधी गाडी आण."

आठ चौदा झाले. आठ वीस झाले. खांबावरच्या कर्ण्यातून बाईचा गोड आवाज आला, की गाडीला उशीर होत आहे, आम्हाला अतिशय वाईट वाटतं.

"कोणाला वाईट वाटतंय? हिला?" मेरेरिदने कर्ण्यावर छत्री रोखली. "वीस वर्षं हिला वाईट वाटतंय. एवढं वाईट माझ्या सासूला माझ्याबद्दल वाटलं असतं, तर मी तिची पूजा केली असती!"

फलाट हसला. एम्रिस हसला नाही. तो कुंपणाला टेकून उभा होता, पिवळा पडलेला.

आठ पंचवीसला गाडी आली. रोज दोन डबे असत. आज एकच होता, आणि तो गच्च भरला होता. काचांना गाल चिकटलेले. दार उघडलं, तर दारातच तेग्वेन.

"मेरेरिद! आलो गं आम्ही! सगळं ब्रिनडू आलंय, कुत्र्यासकट!"

गार्ड गेथिन कसाबसा खाली उतरला. मेरेरिदच्या मैत्रिणीचा मुलगा तो. "मावशी, मुंगी शिरायला जागा नाही. मागची गाडी धरा."

"मागची गाडी दुपारी आहे, गेथिन. मोजणी आता आहे."

कार्डिफची मुलगी यंत्र धरून उभी होती. यंत्रावर शून्य.

मेरेरिदने एकदा यंत्राकडे, एकदा डब्याकडे पाहिलं. मग तिने छत्री डब्याच्या दारावर आपटली. "तेग्वेन, तुमची मोजणी झाली?"

"झाली. चौपन्न!"

"मग बसलीस काय अंडी उबवत? उतरा खाली! सगळे!"

"अगं, पण आम्हाला शहरात..."

"शहर काही पळून जात नाही. दोन मैल चालत घरी जा, गुडघे मोकळे होतील."

कुरकुरत, हसत, एकमेकांच्या पायांवर पाय देत ब्रिनडू खाली उतरलं. कुत्रं उतरेना, त्याला हेफिनने उचललं. मग नांतगोर चढलं. सगळ्यांत आधी एम्रिस, खिडकीपाशी. टिक, टिक, टिक. शेवटी मेरेरिदने पायरीवर पाय ठेवला, काढला, आणि मुलीकडे बघत पुन्हा दाणकन ठेवला.

"एकदाच मोजणार, आजी," मुलगी म्हणाली. पण हसली. "एकसष्ट."

डब्यात जो जल्लोष झाला तो ब्रिनडूपर्यंत गेला असेल.

गेथिन मात्र घड्याळाकडे बघत होता. "बारा मिनिटं गेली इथे, मावशी. आधीची अकरा कंपनीच्या नावावर, दुसरा डबा जोडायला माणूस नव्हता. या बारा मिनिटांचं कारण मला लिहून द्यावं लागतं."

"मग लिही की! लिही, नांतगोरला एवढी गर्दी होती की गाडी हलेना. ठळक लिही. आण इकडे, मी सही करते. कळू दे त्या खुर्चीतल्या बोक्यांना!"

आणि तिने सही केली. शाळा पंधराव्या वर्षीच सुटली होती, पण सही ऐटदार होती.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. मेरेरिदने ते घरी फोडलं नाही. सगळ्यांना चर्चच्या सभागृहात बोलावलं, चहा ठेवला आणि पाकीट एम्रिसच्या हातात दिलं.

एम्रिसने चष्मा लावला. "'नांतगोर येथे एकसष्ट प्रवासी चढले. या मार्गावरचा हा सर्वांत मोठा आकडा आहे. त्यामुळे स्टेशन बंद करण्याचा विचार आम्ही सोडून दिला आहे.'"

कपबशा खणखणल्या. हेफिनने मेरेरिदच्या गालाचा मुका घेतला आणि छत्रीचा एक दणका खाल्ला. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, एम्रिस पुढे वाचत नाहीये.

"वाच की रे. माझे आभार मानले असतील."

"राहू दे, ताई."

"वाच म्हणते ना!"

एम्रिसने कागद डोळ्यांजवळ नेला.

"'तथापि, श्रीमती प्यू यांनी स्वतःच्या सहीने कळवल्याप्रमाणे, नांतगोरच्या गर्दीमुळे गाडीला बारा मिनिटं उशीर झाला. इतर प्रवाशांना वेळेवर पोचता यावं, म्हणून एक डिसेंबरपासून कोणतीही गाडी नांतगोरला थांबणार नाही. स्टेशन मात्र उघडं राहील.'"